'अवजड', 'बोजड' आणि कामाचा फोन

भाषांतरवाली: जुन्या यंत्रांवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. विषय १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर. मिटलेला असताना फोन; कंपासपेटीसारखा उघडला की आत कीबोर्ड आणि ६४० × २०० बिंदूंचा करडा पडदा. वजन ३९७ ग्रॅम. माझं वाक्य असं झालंय: 'व्यवसायासाठी हे अवजड संकरित उपकरण घ्यावे काय, याचा विचार करू.' वाचून मलाच डोळ्यांपुढे ट्रॅक्टर येतो. कुठे चुकतंय?

शेतकऱ्याचा पोरगा: 'संकरित' काढा आधी. संकरात दोन वाण एका दाण्यात मुरतात. दाणा फोडून 'हा भाग आईचा, हा बापाचा' असं दाखवता येत नाही. तुमच्या यंत्रात तर बिजागरीला दोन वस्तू जोडल्यात, आणि कुठे काय आहे ते बोट ठेवून सांगता येतं. ही जोडाक्षराची गोष्ट झाली. 'जोडयंत्र' म्हणा. शिवाय हायब्रीड ज्वारी आल्यापासून आमच्याकडे 'हायब्रीड' म्हणजे उतारा भरघोस, भाकरीला चव नाही. तो शेरा मारायचाच असेल तर खुशाल ठेवा.

जुना मुद्रितशोधक: जोडयंत्र पटलं. आता 'अवजड'. अवजड हे उचलताना कळतं: अवजड वाहन, अवजड उद्योग. बोजड हे वापरताना कळतं: बोजड भाषा, बोजड दागिना. ३९७ ग्रॅमला अवजड कोण म्हणेल? अर्धा किलो साखर आपण एका बोटाला पिशवी लटकवून आणतो. पण तेवढीच साखर दहा मिनिटं कानाशी धरून बोला बघू! म्हणून बोजड. बोलीत लिहायचं असेल तर सरळ 'ठोकळा'. १९९८ चा पुढचा कम्युनिकेटर, ९११०, हा २५३ ग्रॅमवर उतरला, तरी आकाराने ठोकळाच.

(गंमत म्हणजे फिनलंडमध्ये मोबाइलला 'कॅन्नुक्का' म्हणतात. शब्दाचं नातं हाताच्या पंजाशी, आणि आधी ते नोकियाचंच व्यापारी नाव होतं. त्याच कंपनीने पंजात न मावणारा फोन काढला.)

भाषांतरवाली: बोजड घेतला. 'व्यवसायासाठी'चं काय करू? 'धंद्यासाठी' म्हटलं की गल्ला दिसतो, 'कार्यालयीन' म्हटलं की फायलींना धूळ.

हिशेबनीस: 'कामाचा' म्हणा की. आपल्या या शब्दात दोन्ही अर्थ आहेत, कामासाठीचा आणि उपयोगाचा. 'फोन कामाचा आहे का?' एवढ्यात तुमचा अख्खा लेख आला.

आणि त्याचं उत्तरही सोपं नाही. तेव्हा कचेऱ्या फॅक्सवर चालत. बाहेरगावी असताना खिशातून, बरं, बॅगेतून यंत्र काढून दराचं पत्र फॅक्स करता येणं म्हणजे चैन नव्हे, सौदा हातचा न जाणं. ईमेलही होती, वेबही दिसे. आत इंटेलचा ३८६ प्रोसेसर, आठ एमबी स्मृती. पण जीएसएम या तेव्हाच्या मोबाइल जाळ्यावरून डेटा जायचा सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने. एक एमबीची फाइल म्हणजे साधारण पंधरा मिनिटं लाइन धरून ठेवायची, आणि मीटर चालूच. चार ओळींच्या पत्राला हे यंत्र कामाचं, नकाशे पाठवणाऱ्याला डोकेदुखी. म्हणून 'घ्यावे काय' ऐवजी तीन वेगळी क्रियापदं वापरा: हाताला पेलतो का, खिशाला परवडतो का, कामाला पुरतो का.

शेतकऱ्याचा पोरगा: हिशेबनीस, 'खिशाला परवडतो'वर माझा आक्षेप! खिशात मावतच नाही तो.

जुना मुद्रितशोधक: 'विचार करणे'ही फिकं आहे. 'जोखणे' आहे ना आपल्याकडे. मुळात तराजूचं क्रियापद, वस्तूला आणि माणसाला सारखंच लागू. 'तोलणे' नको, तोलून आपण शब्द बोलतो. 'पारखणे'ही नको, त्यात खरं-खोटं येतं, आणि हे यंत्र खोटं मुळीच नव्हतं.

भाषांतरवाली: मग असं: 'फोन आणि संगणक यांचं हे बोजड जोडयंत्र कामाचं आहे का, हे जोखून पाहू.' 'कम्युनिकेटर' मात्र तसाच ठेवते. 'संज्ञापक' लिहून पाहिलं, तर घरात कुणी विचारलं, हे कुठलं सरकारी पद?

हिशेबनीस: 'आहे' नको. १९९६ ची गोष्ट आहे, लोकांनी घेऊन झालाय तो. 'कामाचं होतं का' करा.