नाशिकच्या दुमजली घरात गरम पाण्यासाठी हीट पंप : टाकी, जागा आणि पाइप यांचे नियोजन

गोदाकाठ (प्रश्न)

आमचे घर नाशिकमध्ये असून दुमजली आहे. तळमजल्यावर आई-वडील राहतात, वरच्या मजल्यावर आम्ही दोघे आणि महाविद्यालयात जाणारी दोन मुले. गच्चीवर २०० लिटरचा जुना सोलर आहे, परंतु पूर्वेला पाच मजली इमारत उभी राहिल्यापासून त्यावर सकाळी अकरापर्यंत ऊन पडत नाही, आणि पावसाळ्यात तर तो केवळ शोभेपुरताच उरतो. सध्या तीन गीझर चालतात. त्यांच्याऐवजी एकच हीट पंप (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारे, टाकीसह येणारे विजेचे यंत्र) बसवण्याचा विचार आहे. विक्रेता ३०० लिटरची टाकी सुचवत आहे आणि यंत्र गच्चीवरच्या जिन्याच्या बंद खोलीत ठेवावे, म्हणजे पावसापासून त्याचे रक्षण होईल, असे त्याचे म्हणणे आहे. आई पहाटे साडेपाचला आंघोळ करते. उन्हाळ्यात चार महिने बोअरचे पाणी वापरावे लागते. या परिस्थितीत खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी निश्चित कराव्यात?

यंत्रविद्या

टाकीचा आकार माणसांच्या संख्येवरून ठरवण्यापेक्षा बादल्यांवरून ठरवावा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचे एक युनिट. समजा सहा जण प्रत्येकी ३५ लिटर पाणी ४० अंशांवर वापरतात. हिवाळ्यात नळाचे पाणी १५ अंशांवर आहे असे धरले, तर २१० लिटर पाणी २५ अंशांनी तापवावे लागेल, म्हणजेच सुमारे सहा युनिटे उष्णता. टाकीतले पाणी ५५ अंशांवर असल्याने त्यात थंड पाणी मिसळावे लागते, त्यामुळे टाकीतून प्रत्यक्षात १३० लिटरच खर्च होतील. स्वयंपाकघर आणि पाहुणे धरूनही २०० लिटरची टाकी पुरेशी ठरावी. मात्र मुले बादलीने आंघोळ करतात की शॉवरने, हे आपण लिहिलेले नाही. दहा मिनिटांचा शॉवर सहज ८० लिटर पाणी घेतो आणि मग वरचा सगळा हिशोब बदलतो.

हीट पंप स्वतः उष्णता निर्माण करत नाही, तो हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. म्हणूनच एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास काम होते. परंतु हवा जितकी थंड तितके हे गुणोत्तर घसरते. नाशिकला जानेवारीत पहाटे तापमान दहा अंशांखाली जाते, त्याच दिवशी दुपारी मात्र ते २८ अंशांपर्यंत असते. यंत्राला टायमर लावून ते दुपारी एक ते पाच या वेळेत चालवावे. आवरण चांगले असलेल्या टाकीतले पाणी रात्रभरात थोडेच निवते, त्यामुळे आईंना पहाटे गरम पाणी मिळेल. आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय यंत्रात आहे का, हेही विचारावे, कारण कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात.

देवळालीचा रहिवासी

विक्रेत्याचा जागेविषयीचा सल्ला कृपया मानू नये. आमच्याकडे बसवणाऱ्याने यंत्र अशाच बंद खोलीत ठेवले होते. यंत्र थंड हवा बाहेर फेकते. ती खोलीतच कोंडली की तेच यंत्र पुन्हा ती ओढून घेते, आणि तीन तासांचे काम सहा तासांवर जाते. हे आमच्या लक्षात यायला अख्खा हिवाळा गेला, तोवर आम्ही यंत्रालाच दोष देत होतो. शेवटी ते उघड्यावर आणून वर पत्र्याची शेड केली आणि तीन बाजू मोकळ्या ठेवल्या. यंत्रातून एसीसारखे पाणी ठिबकते, दमट हवेत तर अधिकच, म्हणून ते निचऱ्याच्या पाइपापर्यंत न्यावे. कॉम्प्रेसरचा आवाज रात्री जाणवतो. कोणाच्याही शयनगृहाच्या खिडकीजवळ ते नसावे, शेजाऱ्यांच्याही.

भरलेल्या टाकीचे वजन सहज पावणेतीनशे किलोपर्यंत जाते. ती स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवावी, आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग फोडून पाइप काढू देऊ नये. बोअरच्या पाण्याबाबत सांगायचे तर, काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, जी टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजते, आणि क्षार असलेल्या बोअरच्या पाण्यात अधिक लवकर. ती वर्षातून एकदा उघडून पाहावी. आमची दीड वर्षात पेन्सिलीएवढी झाली होती.

साशंक

मी थोडा वेगळा विचार मांडतो. गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत किमान २० मीटर पाइप होईल. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी साठते, म्हणजे पहाटे पाच लिटर थंड पाणी वाहून गेल्यावरच गरम पाणी येईल, आणि नंतर तेवढेच गरम पाणी पाइपात निवून वाया जाईल. तळमजल्यावरचा १५ लिटरचा गीझर काढू नये. हीट पंप वरच्या दोन न्हाणीघरांपुरता घ्यावा, त्यासाठी १५० लिटरही कदाचित चालेल. पाइपांना फोमचे आवरण मात्र हवेच.

दुसरे असे की, गच्चीवर सौर वीज आणि नेट मीटर (आपली जादा वीज ग्रिडला दिल्याची नोंद ठेवणारा मीटर) असेल, तर बचतीचा हिशोब निराळा होतो. ज्या घरात वर्षअखेरीस युनिटे शिल्लक राहतात, तिथे हीट पंपाने वाचवलेले युनिट वीजबिलातल्या स्लॅबच्या (वापरानुसार चढत्या दरटप्प्याच्या) पूर्ण दराचे नसते. तसे नसेल तर दिवसाला चार युनिटे वाचतात असे समजून बिलातील शेवटच्या स्लॅबच्या दराने गुणाकार करावा, आणि तो बारा महिन्यांचा न करता गरम पाणी लागणाऱ्या महिन्यांचाच करावा.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. आठ दिवस मोजमाप केले : मुले शॉवरला प्रत्येकी सुमारे ६० लिटर घेतात, बाकीच्यांचे ३० लिटरमध्ये भागते. आम्हा वरच्या चौघांसाठी टाकीतले ११२ लिटर लागतील, म्हणून १५० लिटर निश्चित करत आहे. सौर वीज आमच्याकडे नाही. आईचा गीझर राहील. यंत्र पश्चिमेच्या भिंतीलगत शेडखाली येईल. प्लंबरने मात्र एक अडचण दाखवली आहे : आमच्या पाण्याच्या टाकीचा तळ हीट पंपाच्या माथ्यापेक्षा जेमतेम दीड फूट उंच आहे. शॉवरला दाब पुरणार नसेल, तर पाण्याची टाकी उचलून घ्यावी की प्रेशर पंप लावावा?

यंत्रविद्या

प्रेशर पंप लावायचा असल्यास तो थंड पाण्याच्या मुख्य वाहिनीवर लावावा, म्हणजे गरम आणि थंड या दोन्ही नळांना सारखा दाब मिळेल आणि शॉवरमधील मिश्रण बिघडणार नाही. हीट पंपाच्या टाकीवरील सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो ते आधी पाहून पंपाचा दाब त्याहून कमी ठेवावा, आणि टाकीत शिरणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) बसवून घ्यावा.