मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीतील फसव्या शब्दजोड्या कशा शिकवाव्यात?

लालबागची शिकवणी:
आमच्या चाळीच्या सभागृहात मी आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्याने शब्द त्यांना अनोळखी नाहीत. अडचण जोड्यांची आहे. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’, ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ अशा वीस जोड्यांचा तक्ता मी भिंतीवर लावला आणि मुलांनी तो पाठही केला, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत निम्म्या मुलांनी जोडीतले शब्द उलटे वापरले. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

गिरगावच्या निवृत्त शिक्षिका:
आधी तो तक्ता उतरवावा. दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी मांडले की ते मुलांच्या मनात एकमेकांना चिकटतात. म्हणून एक शब्द पंधरवडाभर वापरून पक्का होऊ द्यावा आणि तोवर दुसऱ्याचे नावही काढू नये. ‘सिन्स’चा गोंधळ तर सरळ मराठीतून येतो, कारण आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो तसेच ‘दहा मिनिटांपासून’ही म्हणतो. ‘पासून’च्या आधी सुरुवातीची वेळ असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी असेल तर ‘फॉर’, हे मराठी वाक्यांवरच सांगावे. मात्र तेवढ्याने भागत नाही. ‘लोकल दहा मिनिटांपासून दादरला उभी आहे’ यातला ‘आहे’ मुले जसाच्या तसा उचलतात आणि ‘द ट्रेन इज स्टँडिंग सिन्स टेन मिनिट्स’ असे लिहितात, त्यामुळे ‘द ट्रेन हॅज बीन स्टँडिंग अ‍ॅट दादर फॉर टेन मिनिट्स’ हे अख्खे वाक्यच तोंडात बसवावे लागते. ‘बॉरो’ला ‘उसने घेणे’ आणि ‘लेंड’ला ‘उसने देणे’ असे नेमके मराठी शब्द आहेत. ते सोडून नुसते ‘उधार’ सांगितले की घोळ होतो.

पार्लेकर:
बाईंचे म्हणणे पटते, पण काही जोड्या कानामुळे चुकतात. ‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूझ’ म्हणजे गमावणे किंवा हरणे. आपण दोन्हींना ‘लूज’ म्हणतो, मग स्पेलिंग कसे जमावे? नाम असताना ‘स’ आणि क्रियापद असताना ‘झ’ हा भेद ‘अ‍ॅडव्हाइस’ व ‘अ‍ॅडव्हाइझ’ यांत ऐकू येतो, आणि ‘यूस’ व ‘यूझ’ यांत तर स्पेलिंग एकच असूनही येतो. ‘प्रॅक्टिस’चा उच्चार मात्र दोन्हीकडे सारखाच आहे, ब्रिटिश पद्धतीत नामात सी आणि क्रियापदात एस लिहितात, एवढेच ‘अ‍ॅडव्हाइस’च्या आधाराने लक्षात ठेवायला सांगावे. ‘तिथे’ आणि ‘त्यांचा’ या अर्थांच्या दोन ‘देअर’मध्ये कान काहीच मदत करत नाही, तिथे श्रुतलेखनाला पर्याय नाही.

लालबागची शिकवणी:
दोघांचेही आभार. तक्ता आजच काढते. ‘डिड यू वेंट’ या चुकीवरही काही उपाय आहे का? ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ आत्ताच घ्यावेत का?

गिरगावच्या निवृत्त शिक्षिका:
‘तू गेलास का’ यात भूतकाळ ‘गेलास’मध्येच असतो, म्हणून मुले तो ‘वेंट’मध्येही ठेवतात. इंग्रजी प्रश्नात ‘डिड’ने भूतकाळ घेतला की मूळ क्रियापद ‘गो’च राहते, फळ्यावर ‘वेंट’ पुसून ‘डिड’ आणि ‘गो’ असे दोन तुकडे लिहून दाखवावेत. ‘अफेक्ट’ हे बहुधा क्रियापद आणि ‘इफेक्ट’ हे बहुधा नाम असते, पण आठवीला ती जोडी घेऊ नये. नाम आणि क्रियापद ओळखण्यातच अजून चुका होत असतील, तर आधी तेच घ्यावे.