जीटी८६ ला विंटर टायर: १६ इंची चाकांवर उतरू की १७ वरच राहू? (म्युनिक)

सांगलीकर८६
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात सेकंडहँड टोयोटा जीटी८६ घेतली, २०१५ ची, मॅन्युअल. आता सप्टेंबर संपत आला आणि ऑफिसातला प्रत्येक जर्मन माणूस कॉफी मशीनपाशी एकच विचारतो, टायरची अपॉइंटमेंट घेतली का. गाडीवर २१५/४५ आर १७ (२१५ मिमी रुंद, १७ इंची रिम) समर टायर आहेत, विकणाऱ्याने विंटर सेट दिला नाही. रोज म्युनिक ते इंगोलश्टाट ए९ ऑटोबानने जातो, आणि बायकोला बर्फ बघायचाय म्हणून वीकेंडला गार्मिश, इन्सब्रुक वगैरे होणार हे नक्की. तर पर्याय असे दिसतायत की आहे त्याच अलॉय रिमवर दरवर्षी दोनदा टायर काढून घालायचे, किंवा १६ चा साधा सेट घ्यायचा, किंवा १७ चाच दुसरा छान दिसणारा सेट, किंवा सरळ ऑल सीझन टाकून विषय संपवायचा. अजून एक, हसू नका, गाडी मागच्या चाकांवर चालते तर फक्त मागे दोन विंटर टाकले तर भागेल का? बाबा म्हणतात बर्फात गाडी काढायचीच कशाला. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

वाईकर_स्टुटगार्ट
शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तो जिवाशी खेळ आहे. फक्त मागे दोन अजिबात नको. मागचे टायर गाडी ढकलतील, पण वळवायचं काम पुढच्यांचं आणि थांबवायचंही बरंचसं त्यांचंच, ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि तिथे थंडीने कडक झालेला समर टायर असला की गाडी वळणाला विचारत नाही, सरळ जाते. उलटं केलंस, पुढे विंटर आणि मागे समर, तर शेपूट तुझ्या आधी घरी पोचेल. चारही एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे घे. कुणीतरी सांगेल या गाडीला टॉर्सन डिफ (एक मागचं चाक घसरलं तर दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल) आहे म्हणून चालतं. डिफ जागेवरून निघायला मदत करतो रे, थांबायला नाही.

आता साइज. माझं मत १६, २०५/५५ आर १६. काही देशांत टोयोटाने बेस मॉडेलला हीच साइज दिली होती, म्हणजे साध्या ब्रेकवर रिम बसतो. ब्रेम्बो कंपनीचे मोठे ब्रेक असतील तर मात्र १६ विसर, कॅलिपर घासतो. बाहेरचा व्यास तुझ्या १७ पेक्षा जेमतेम एक टक्का जास्त, स्पीडोमीटरला काही होत नाही. टायर अरुंद असला की तेवढंच वजन कमी जागेवर पडतं, तो ताज्या बर्फात आणि रस्त्याकडेच्या त्या काळ्या लगद्यात खाली घुसतो, रुंद टायर वर तरंगतो. आणि साइडवॉल साधारण ९७ मिमीची ११३ होते, बर्फाखाली लपलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली तर रिम वाचतो. १६ चे टायर स्वस्तही पडतात, जो फरक वाचेल तो चांगल्या रबरात घाल. रिमकडे पाच महिने मिठाच्या चिखलात कोण बघतंय?

कायद्याचं म्हणशील तर जर्मनीत तारीख ठरलेली नाही, लोक ऑक्टोबर ते ईस्टर धरतात, पण रस्त्यावर बर्फ, लगदा किंवा गोठलेला पाण्याचा थर असेल आणि टायर विंटर नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक नोंदवहीत तुझ्या नावावर एक पॉइंट, ट्रॅफिक अडवलात तर ८०. टायरवर डोंगर आणि बर्फाचा कण असलेलं चिन्ह हवंच, नुसतं एम+एस लिहिलेले जुने टायर ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. सेकंडहँड सेट बघायला गेलास तर हे आधी बघ, मग टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष.

गोथेनबर्गची_आजी
आजी नाही हो, आयडी कॉलेजातला आहे 😄 आमच्याकडे स्वीडनमध्ये हिवाळी रस्ता असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च विंटर टायर सक्तीचेच, आणि अर्धं गाव खिळेवाले टायर लावतं. मी बिनखिळ्याचे नॉर्डिक वापरते, नोकियन हक्कापेलिट्टा. बर्फावर ब्रेक मारून बघा, दुसरं काही नको वाटेल. सांगलीकर, डोंगरात जाणार असाल तर हेच बघा.

मृण्मयी_इंगोलश्टाट
आजी, गोथेनबर्गला बरोबर पण ए९ वर नको. एक तर खिळेवाले जर्मनीत बंदच आहेत, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतची चिंचोळी पट्टी सोडली तर. दुसरं म्हणजे नॉर्डिक रबर इतकं मऊ की ८ डिग्रीच्या ओल्या ऑटोबानवर १५० ला ते डुलतं आणि ओल्यात थांबायलाही जास्त अंतर घेतं. इथला हिवाळा म्हणजे बर्फ थोडा आणि ओला, थंड, काळा रस्ता भरपूर. त्यासाठी मध्य युरोपातले विंटर टायर वेगळेच बनवतात, कॉन्टिनेन्टलचा विंटरकॉन्टॅक्ट, मिशेलिनचा आल्पिन, गुडइयरचा अल्ट्राग्रिप परफॉर्मन्स, यातलं तुझ्या साइजला जे मिळेल ते. घेण्याआधी एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या टेस्टमध्ये ओल्या रस्त्यावरचे मार्क बघ, बर्फावरचे नंतर.

आणि याच कारणासाठी वाईकरांशी माझं पटत नाही. मी याच रस्त्याने उलट दिशेने जाते. रोजचं जाणंयेणं ऑटोबानवर असेल तर १७ वर राहा. विंटर टायरचे ब्लॉक मुळात बारीक कापलेले, रबर मऊ, त्यात उंच साइडवॉल, एवढं छान स्टीअरिंग असलेल्या गाडीत पाच महिने रबरी चप्पल घातल्यासारखं वाटतं. सगळ्या बाजूंनी पेंट केलेला साधा १७ चा अलॉय घे, डायमंड कट घेऊ नकोस, लॅकरला बारीक चीर गेली की मीठ आत शिरतं आणि पांढरे किडे धावल्यासारखे डाग पडतात.

आहे त्याच अलॉयवर टायर काढ-घाल करायचा विचार सोडून दे. दरवेळी बसवणं, बॅलन्सिंग, शिवाय टायरच्या कडेला मार बसतो, दोनतीन वर्षांत रिमचे पैसे तिथेच जातात. ऑल सीझन डोंगराचं चिन्ह असेल तर कायद्याने चालतो, पण मग जुलैमध्येही तोच. स्पोर्ट्स कार घेऊन ते करायचं तर गोल्फ घ्यायची होती ना.

वाईकर_स्टुटगार्ट
मृण्मयीताई, चप्पल वगैरे ठीक आहे, पण ही गाडी नवी आली तेव्हा टोयोटाने तिला मिशेलिन प्रायमसी दिले होते, प्रियसला येतात तसले, मुद्दाम बेताच्या ग्रिपचे, कमी स्पीडला पण मागून मजा यावी म्हणून. हिला टायरचा माज कधीच नव्हता. १६ लावून गाडीचा अपमान होत नाही. आणि इन्सब्रुकला जाणार म्हणतोय तो. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर सक्ती आहे आणि विंटर टायरला किमान ४ मिमी ट्रेड (नक्षीची खोली) लागतं, जर्मनीत कायद्याने १.६ चालतं. ब्रेनर ओलांडून इटलीत गेलात तर ए२२ हायवेवर १५ नोव्हेंबरपासून आहेच.

सांगलीकर८६
बाप रे, खूप खूप आभार सगळ्यांचे. ब्रेम्बो नाहीत, साधे ब्रेक आहेत. सीओसी (गाडीचा कंपनीकडचा मान्यता दाखला) काढून बघितला, २०५/५५ आर १६ त्यात आहे. मग १६ च घेतो, ताई रागावू नका, आधीच पार्किंगच्या कडेने एक रिम खाल्लाय. एका ठिकाणी ९१ एच स्वस्तात मिळतोय, चालेल ना? आणि दुकानदार म्हणतो चाकातले हवेचे सेन्सर नाही लावले तरी काही होत नाही, फक्त दिवा लागतो.

तात्या_टर्बो
९१ एच चालेल. एच म्हणजे २१०, गाडीचा टॉप २२६, त्यामुळे आतमध्ये तुला दिसेल असं २१० चं स्टिकर लावावं लागतं, दुकानदार देतो, नाही दिलं तर मागून घे. स्टिकर लावायचं नसेल तर व्ही घे, २४० पर्यंत. जानेवारीत २१० ने तू जाणार नाहीस अशी आशा.

सेन्सरचं मात्र त्याचं ऐकू नकोस. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपातल्या सगळ्या नव्या गाड्यांना टायर प्रेशर सिस्टिम सक्तीची आहे, तुझी २०१५ ची, ट्यूफला, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीला, दिवा पेटलेला दिसला की अडकशील. या गाडीला चाकात सेन्सर असतात आणि दुसऱ्या सेटचे आयडी गाडीत ओबीडीवरून (गाडीच्या कॉम्प्युटरच्या प्लगमधून) भरावे लागतात, वर्षातून दोनदा. सोपं म्हणजे समर सेटच्या सेन्सरचे क्लोन बनवून घे, गाडीला कळतच नाही चाकं बदलली.

रिम घेताना बोल्टची मांडणी ५x१०० (पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर) आणि मधलं भोक ५६.१ मिमी, मोठं असेल तर रिंग लागते नाहीतर ११० ला स्टीअरिंग थरथरतं. नट बघून घे, हिचे सुबारूवाले एम१२x१.२५ (आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) आहेत, बाकी बऱ्याच टोयोटांचे १.५. दुकानात टोयोटा म्हटलं की लोक सवयीने १.५ चे काढतात, ते दोन आटे चढतात आणि मग अडतात, आणि न्यूमॅटिक गनवाल्या पोराला ते कळत नाही, तो स्टड खाऊन मोकळा होतो. पहिले आटे हाताने फिरवायला सांग. १२० न्यूटनमीटर टॉर्क, ५०-१०० किमी झाले की परत टॉर्क रेंच लावून बघायचं. हवा थंड टायरवर बघ, १० डिग्री उतरली की साधारण ०.१ बार कमी होते, गरम गॅरेजमध्ये भरून बाहेर उणे पाचात उभी केलीस तर कमीच असणार.

मृण्मयी_इंगोलश्टाट
रागावत नाही रे. समरची चाकं केलरमध्ये (तळघरात) ठेवणार असशील तर रिमसकट आडवी एकावर एक रच, आणि काढतानाच खडूने कुठलं चाक कुठलं ते लिही. आणि अपॉइंटमेंट आजच घे, पहिला बर्फ पडला की इथे कुणी फोन उचलत नाही.