मदत हवी आहे: आईला (वय 67) घेऊन रिग्ली फील्डचा 5 किलोमीटरचा फन रन

नमस्कार मंडळी,

शिकागोत राहणाऱ्यांना, आणि घरच्या ज्येष्ठांना घेऊन अशा रनमध्ये चाललेल्या सगळ्यांनाच विचारते आहे. थोडं सविस्तर लिहिते.

एप्रिलमध्ये इथे 'रेस टू रिग्ली' असते. पाच किलोमीटर, रिग्ली फील्ड या बेसबॉल स्टेडियमच्या आवारातून आणि आसपासच्या रस्त्यांवरून. पैसे कब्ज चॅरिटीजला, म्हणजे इथल्या कब्ज या बेसबॉल संघाच्या संस्थेला जातात, मुलांच्या खेळासाठी आणि शिक्षणासाठी. घड्याळ लावून पळणारे असतात, पण पोराबाळांना घेऊन मजेत चालणारेही खूप. माझा नऊ वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो आणि त्याला आजीबरोबरच जायचंय.

याला कारण आहे. आई मार्चमध्ये फलटणहून आली तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी सामना लावून बसतात. कब्जनी 1908 नंतर थेट 2016 ला वर्ल्ड सिरीज (बेसबॉलचं अजिंक्यपद) जिंकली, म्हणजे 108 वर्षं वाट पाहिली, हे त्यानं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "एकशे आठ? अरे, ही तर जपमाळच झाली!" मग त्यानं धावत जाऊन आपला चेंडू आणला, कारण बेसबॉलवर दुहेरी टाके असतात तेही 108. आईनं चष्मा लावला आणि लाल दोऱ्यावर अंगठा ठेवून एकेक टाका मोजत गेली. मणी ओढावेत तसं. पंचावन्नला चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसापासून तिला ते मैदान बघायचंय.

चालण्याची काळजी नाही. माउलींची पालखी आली की ती दर वर्षी लोणंद ते तरडगाव चालते, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघते. काळजी वेगळ्याच गोष्टींची आहे.

पहिली म्हणजे थंडी. तळ्यावरचं वारं एप्रिलअखेरही हाडात शिरतं, आणि सुरुवातीला रांगेत बराच वेळ उभं राहावं लागतं. तिला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी चालू आहे. पहाटे निघायचं तर खाणं आणि गोळी कसं बसवायचं?

दुसरी वेळेची. मागच्या खेपेला आईला एका दुसऱ्या रनला नेलं होतं (नाव लिहीत नाही). शेवटी राहिलेल्या आम्हा सात-आठ जणांना फुटपाथवर जायला सांगितलं, पुढे गेलो तर पाण्याची टेबलं गुंडाळलेली. आई तिथे काहीच बोलली नाही. रात्री भाकरी थापताना म्हणाली, "माझ्यामुळं त्या लोकांचा खोळंबा झाला गं." मला ते अजून लागून राहिलंय. तिच्यावर पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही.

तिसरी साडीची. ती पँट घालणार नाही, आणि मी आग्रहही करणार नाही. पण सहावारीत गर्दीत पाय अडकला तर?

आणि शेवटची, वर्गणीची. मुलाला ओळखीच्यांकडून पैसे जमवायचेत. गणपतीची पावती फाडताना मला कधी संकोच वाटला नाही, पण इथे मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकायला हात धजत नाही. तुम्ही कसं मागता?

—

प्रतिसाद 1:
ताई, गोळीचं आधी. माझ्या वडिलांनाही हेच कॉम्बिनेशन होतं. यातल्या ग्लिमेपिराइडनं साखर खाली जाऊ शकते, त्यामुळे ही गोळी घेऊन उपाशी चालायचं अजिबात नाही. त्या दिवशी डोस तोच ठेवायचा की बदलायचा हे फलटणच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारा, आपल्या मनानं काही करू नका. खिशात लिमलेटच्या गोळ्या असू द्या. राजगिऱ्याचा लाडू नंतर चालेल, पण हातपाय थरथरले, घाम सुटला तर आधी साखरच.

थंडीसाठी आम्ही जुना जाड स्वेटर वरून घालायचो आणि अंग तापलं की कमरेला बांधायचो. कानटोपी, हातमोजे हवेतच.

—

प्रतिसाद 2:
स्टेडियमच्या आसपास गाडी लावायचा नाद सोडा. हॉवर्ड स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवा आणि रेड लाइन या लोकलनं ॲडिसन स्टेशनला उतरा. रेड लाइन चोवीस तास चालते, ॲडिसनला लिफ्ट आहे, आणि स्टेशनबाहेर आलं की मैदान समोरच दिसतं. मोठी पिशवी नेऊ नका, आत काय चालतं ते आधी बघून घ्या.

वेळेबद्दल आयोजकांना सरळ ईमेल करा: शेवटचा माणूस किती वाजेपर्यंत चालला तर चालेल? उत्तर लेखी मिळालं की निश्चिंत. पाच किलोमीटरला सव्वा तास धरा.

मैदानाच्या भिंतीवरच्या वेलींबद्दल मुलाला आधीच सांगून ठेवा. 1937 साली लावलेली ती आयव्ही एप्रिलमध्ये बरीचशी काड्यांसारखीच असते, हिरवी व्हायला मे उजाडतो. माझी लेक हिरमुसली होती.

—

प्रतिसाद 3:
नऊवारी नेसवा! काष्टा घातला की पाय मोकळे, आत थर्मल घालता येतं. बारामतीच्या लताताई करे नऊवारीत अनवाणी धावून जिंकल्या, तुमच्या आईंना तर नुसतं चालायचंय. फक्त घोट्याच्या वर नेसा आणि पदर खोचून टाका.

वर्गणी: ग्रुपवर टाकू नका, एकेकाला स्वतंत्र लिहा. आणि मुलाला स्वतःला लिहू दे, मोडक्या मराठीत का होईना. ऑफिसात मॅचिंग डोनेशन आहे का तेही विचारा, काही कंपन्या तेवढीच रक्कम स्वतः घालतात. भारतातल्या नातेवाइकांना मात्र 80जीची आयकर सवलत मिळणार नाही हे आधी सांगा, ती तिथे नोंदणी झालेल्या संस्थांनाच असते.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं. त्या दिवशी काय करायचं ते त्यांनी आईलाच समजावून सांगितलं आणि तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलं. आयोजकांना ईमेल केलाय, उत्तर आलं की इथे लिहीन.

मुलानं पहिला मेसेज पुण्याच्या मामाला पाठवला: "मी आणि आजी 5 किलोमीटर चालणार. तू पैसे देतो का? मुलांना बॅट मिळेल." मामानं फोन करून आधी आईची चौकशी केली, मग पैसे दिले.

नऊवारीला आई लगेच तयार झाली. काल आम्ही रनमध्ये छातीवर लावतात तसा नंबर जुन्या कागदावर लिहून लावून बघितला. मी पिना शोधायला कपाटाकडे वळले, तोवर तिनं बांगडीतल्या चार सेफ्टी पिना काढून नातवाच्या हातावर ठेवल्या होत्या.

आता एकच विचारायचं राहिलं. थर्मलवर काष्टा सैल पडतोय, घट्ट कसा बसवायचा? कुणी थंडीत नेसली असेल तर नक्की सांगा.