मदत हवी आहे: ओमासारखे श्पेत्झले कसे जमतील?

नमस्कार मंडळी, श्टुटगार्टच्या बाजूला कोणी राहतं का? माझं सासर तिथलंच, पक्कं श्वाबिश, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबेन भागातलं. नवऱ्याची आजी, आम्ही सगळे तिला ओमाच म्हणायचो, लाकडी पाटीवर सैलसर पीठ पसरून सुरीने सपासप उकळत्या पाण्यात श्पेत्झले (अंडं घातलेल्या पिठाचे छोटे नूडल्स) पाडायची आणि सोबत व्हिनेगर घातलेली मसुराची आंबटसर उसळ नि सॉसेज, मला तर पहिल्या घासालाच आपल्या घरच्यासारखं वाटलेलं. मागच्या वर्षी ती गेली, पाटी आता माझ्याकडे आहे पण माप कुठेच लिहिलेलं नाही. मी 500 ग्रॅम मैद्याला 5 अंडी आणि थोडं पाणी घेते, बुडबुडे येईपर्यंत फेटते, तरी गोळेच पडतात. पीठ अजून सैल करू की थोडं मुरू देऊ? की मैदाच चुकतोय, तिकडे श्पेत्झलेसाठी जरा रवाळ पीठ मिळतं ते वापरू?

आणि अजून एक, मे महिन्यात आईबाबा येतायत, त्यांना खरं श्वाबिश जेवण खाऊ घालायचंय. हाताने पाडलेले श्पेत्झले आणि घरी केलेले माउलटाशन (सारण भरलेले पिठाचे चौकोन) मिळतील असं जुनं गास्टहाउस, म्हणजे खाणावळ, कोणाला माहितीये का? आई शाकाहारी आहे, तिच्यासाठी केझश्पेत्झले, म्हणजे चीज घातलेले श्पेत्झले, चालतील, फक्त त्यात बेकन नको आणि अंडं ती खाते. प्लीज सांगा.