इंदूर विमानतळावर डिजियात्रा: आईबाबांची नोंदणी करून द्यावी का?

रामबागकर
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबा इंदूरहून बेंगळुरूला धाकट्या बहिणीकडे दोघेच जाणार आहेत. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर सप्टेंबर २०२४ मध्ये डिजियात्रा (मोबाइल ॲपवर नोंदणी केली की ओळखपत्राऐवजी चेहरा पाहून प्रवेश देणारी सोय) सुरू झाली आणि बेंगळुरूला तर ती डिसेंबर २०२२ पासूनच आहे. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दारापाशी ताटकळणे वाचले तर बरे, असे मला वाटते. बाबांचे म्हणणे मात्र असे, की ओळखपत्र दाखवून काम होत असताना चेहरा कशाला द्यायचा? त्यांना पटेल असे उत्तर मला हवे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

माळव्यातला प्रवासी
आधी नेमके काय वाचते ते पाहू. टर्मिनलच्या दारापाशी बोर्डिंग पासवरचा बारकोड स्कॅन करून कॅमेऱ्याकडे पाहिले, की ओळख पटते आणि फाटक उघडते. सामान द्यायचे असेल तर विमान कंपनीच्या काउंटरवर जावेच लागते आणि अंगझडती व सामानाची तपासणीही पूर्वीसारखीच होते. म्हणजे सोय होते ती ओळख पटवण्यापुरती, पण सकाळच्या गर्दीत तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

अडचण येते ती बहुधा घरीच. ॲपमधली नोंदणी आधारने होते, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि वडीलधाऱ्यांच्या आधारला पुष्कळदा मुलाचा किंवा जुना, बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. दुसरी गोष्ट नावाची. आधारवर वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण नाव आणि तिकिटावर फक्त नाव-आडनाव, असे आपल्याकडे सर्रास असते. नावे जुळली नाहीत तर ॲप बोर्डिंग पास स्वीकारत नाही, म्हणून तिकीट काढतानाच आधारवरील नाव समोर ठेवावे. वेब चेक-इन करून पास आदल्या दिवशीच ॲपमध्ये घालावा आणि मूळ ओळखपत्र सोबत असू द्यावे.

सावध नागरिक
बाबांचा प्रश्न रास्त आहे. तो जुन्या वळणाचा हट्ट समजून बाजूला सारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. ही सोय चालवणाऱ्या डिजियात्रा फाउंडेशनचे म्हणणे असे, की माहिती प्रवाशाच्या फोनमध्येच सांकेतिक स्वरूपात राहते, प्रवासापुरती ती निघण्याच्या विमानतळाला दिली जाते आणि उड्डाणानंतर २४ तासांत तिथून पुसली जाते. ही रचना मुळात चांगली आहे. परंतु सुरक्षेच्या गरजेनुसार ही मुदत बदलण्याची मुभा डिजियात्रा धोरणातच ठेवलेली आहे, हेही बाबांना ठाऊक असले पाहिजे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्यामुळे संमती ज्याची त्याने, समजून-उमजून द्यायला हवी, आणि मुलांनी घाईघाईत आईवडिलांचा फोन हातात घेऊन सगळीकडे 'मान्य' दाबणे म्हणजे ती संमती नव्हे. ही सोय ऐच्छिक आहे. दारावर कोणी आग्रह केला तरी साध्या रांगेने जाण्याचा त्यांचा हक्क अबाधित आहे.

बिजासन रोड
गुडघेदुखीसाठी डिजियात्रापेक्षा व्हीलचेअर जास्त उपयोगी पडेल. तिकीट काढतानाच विमान कंपनीकडे मागणी नोंदवा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक खुलासा: डिजियात्रा देशांतर्गत प्रवासापुरतीच आहे. इमिग्रेशनची रांग टाळण्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा कार्यक्रम जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मुंबई, अहमदाबादसह आणखी ७ विमानतळांवर आला. त्यात चेहऱ्याबरोबर बोटांचे ठसेही द्यावे लागतात.

रामबागकर
सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे दोघांना वाचून दाखवली. आई नोंदणी करणार आहे आणि तिच्या आधारला तिचाच क्रमांक आहे. बाबा ओळखपत्र दाखवूनच जाणार म्हणतात आणि आता मला ते पटले आहे. व्हीलचेअरची मागणी आजच नोंदवते.

माळव्यातला प्रवासी
मग दोघांची प्रवेशाची रांग वेगळी असेल. आईने आत जाऊन दाराजवळच थांबावे, आणि बाबांचा बोर्डिंग पास छापून त्यांच्या स्वतःच्या खिशात द्यावा. तो आईच्या फोनमध्येच राहिला तर बाबा बाहेर अडकतील.