एचआयव्ही आणि एकाच हाताला कंप : कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेताना काय तयारी करावी?

कागलकर
मेव्हणे, वय ४१, वजन ६० किलो. एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या वर्षभर सुटल्या होत्या, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) आता ७०. दहा दिवसांपासून उजवा हात थरथरतो, डोकं दुखतं, संध्याकाळी कणकण येते. कंपावरच्या प्रोप्रॅनोलॉलने काही फरक नाही. सोमवारी सीपीआरच्या एआरटी सेंटरला नेतोय. सोबत काय न्यावं, काय विचारावं?

रंकाळावेस
सोमवारची वाट बघू नका, आजच कॅज्युअल्टीला न्या. सीडी४ १०० च्या खाली आणि एकाच बाजूला नवा कंप म्हणजे मेंदूत आत, बेसल गँग्लिया, थॅलॅमस किंवा मिडब्रेनमध्ये गाठ असण्याची शक्यता धरूनच चालायचं. यात टॉक्सोप्लाझ्मा (टॉक्सो, एक परजीवी जंतू) पहिला, मग टीबीची गाठ आणि लिम्फोमा (एक कॅन्सर).

कॉन्ट्रास्टसह एमआरआय विचारा. साध्या सीटीत लहान गाठी निसटतात. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट हातात असला की कॉन्ट्रास्टपायी खोळंबा होत नाही. पाठीतलं पाणी स्कॅन बघूनच काढतात. आत दाब वाढलेला असेल तर ते धोक्याचं. रक्तात क्रिप्टोकॉकल अँटिजेन (मेंदूत जाणाऱ्या बुरशीची तपासणी) आणि टॉक्सो आयजीजी (टॉक्सोविरुद्धची अँटिबॉडी). आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे जंतू कधीतरी शिरलाय एवढंच. निगेटिव्ह आला तर मात्र डॉक्टर दुसऱ्या कारणांकडे जास्त बघतात.

निघण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ घ्या: हात मांडीवर सैल, हात समोर ताणून, आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेताना. प्रत्येकी अर्धा मिनिट. तिन्ही वेळा थरथर आणि तीही संथ, मोठ्या झोक्याची असेल तर डॉक्टरांना जागेचा अंदाज लगेच येतो.

औषधवाला_शाहूपुरी
गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका, स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, फिटचं व्हॅल्प्रोएट, दम्याचं साल्ब्युटामॉल, यांनीही हात थरथरतात.

टॉक्सो ठरला तर बहुतेक कोट्रायमॉक्साझोल मिळेल. घोटाळा इथंच होतो. डबल स्ट्रेंथची रोज एक गोळी हा बचावाचा डोस. उपचाराला ६० किलोच्या माणसाला साधारण दोन सकाळी, दोन रात्री, किमान सहा आठवडे. घरी आल्यावर "तीच तर गोळी" म्हणून एकावर आणली की दुखणं उलटतं. पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन मध्येमध्ये तपासा. अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले तर लगेच दाखवा.

जुनी टीएलडीची (डोल्युटेग्राव्हिर असलेल्या एआरटीच्या गोळ्यांची) बाटली घरात असली तरी स्वतःहून चालू करू नका. टॉक्सोत साधारण दोन आठवड्यांनी सुरू करतात, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) असेल तर आणखी उशिरा. फिट येत असेल तर लेव्हेटिरासेटाम चालेल का ते विचारा. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनने डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी उतरते.

गडहिंग्लज_ताई
किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांनाही हेच लागू का? आमच्याकडे पेशंटचे दोन्ही हात बारीक थरथरतात.

औषधवाला_शाहूपुरी
ताई, दोन्हीकडे सारखा, बारीक कंप असेल तर आधी टॅक्रोलिमस (ट्रान्सप्लांटनंतरचं औषध) बघा. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम यातलं काही नव्याने लागलं की त्याची पातळी चढते. रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्या, नंतर दिलेलं फसवं येतं. सोबत मॅग्नेशियम. ताप किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर मात्र स्कॅन टाळू नका.

रंकाळावेस
दोघांसाठीही: गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध बंद. न तापवलेल्या दुधातून लिस्टेरिया येतो, आणि कमी प्रतिकारशक्तीच्या माणसात तो मेंदूपर्यंत पोचतो. रटरटून उकळलेला तांबडा-पांढरा रस्सा खुशाल द्या. टॉक्सोची भीती अर्धकच्च्या खिम्या-कलेजीची आणि त्याच सुरीने चिरलेल्या कोशिंबिरीची. मांजर हाकलायला नको. तिची घाण दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज काढायची, कारण त्यातला टॉक्सोचा जंतू बाधण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो.

कागलकर
आत्ताच निघतो. औषधाने कंप कधी थांबतो?

रंकाळावेस
ताप, डोकेदुखी, गुंगी पहिल्या दोन आठवड्यांत हटायला हवी. नाही हटली, किंवा दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच असेल, तर बायोप्सीचा विषय स्पष्ट काढा. स्टेरॉइड चालू असेल तर तेही विचारात घ्या. त्याने लिम्फोमाही आकसतो आणि टॉक्सोच बरा होतोय असं वाटतं.

कंपाचं गणित वेगळं. मिडब्रेनमधली गाठ विरत असतानाही, कधी काही महिन्यांनी, थरथर वाढते किंवा नव्याने सुरू होते. स्कॅन सुधारलेला असेल तर औषध हरलं असं समजून कोट्रायमॉक्साझोल सोडू नका. न्यूरॉलॉजिस्टला लेव्होडोपा (पार्किन्सनचं औषध) देऊन बघता येईल का विचारा. काहींना चांगला गुण येतो. तोवर जड पेला, झाकणाची बाटली, आणि जेवताना कोपर टेबलावर टेकवून.